व्हिसा हातात आला की घड्याळ सुरू होतं

बायकोचं जर्मनीतलं मास्टर्स संपायला अजून दीड वर्ष आहे, तिच्या अमेरिकन ग्रीन कार्डासाठीची तुमची आय-१३० (नातेवाइकासाठीची याचिका) मंजूर झालीय, तर एनव्हीसीची (अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरची) कागदपत्रं आत्ताच भरू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: थांबा.

आमच्या धाकट्या बहिणीचं असंच होतं. "होऊन जाऊ दे एकदाचं" म्हणत सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून मुंबईत इंटरव्ह्यू दिला. व्हिसा आला, आईने गल्लीभर पेढे वाटले. मग भावजींनी पासपोर्टवरची तारीख वाचली! व्हिसासाठीची मेडिकल तपासणी साधारण ६ महिने चालते, व्हिसा त्यापुढे जात नाही, आणि त्या मुदतीत अमेरिकेत पाऊल ठेवावंच लागतं. बिचारी ऐन थीसिसमध्ये चार दिवस जाऊन आली. त्या गडबडीत री-एन्ट्री परमिटचा (जास्त काळ बाहेर राहून परत यायच्या परवान्याचा) अर्ज राहिला. तो अमेरिकेत असतानाच करावा लागतो. मग वर्षाच्या आत परत पळापळ.

थांबायचं ते एनव्हीसीपाशीच. फक्त वर्ष उलटायच्या आत त्यांना लिहीत राहा, नाहीतर केस बंद करायची नोटीस येते.

उशिराचा फायदाही आहे: लग्नाला २ वर्षं झाल्यावर प्रवेश केला तर थेट १० वर्षांचं ग्रीन कार्ड, आधी गेलात तर २ वर्षांचं सशर्त.

आणि हो, जर्मनीत १२ महिन्यांहून जास्त राहिल्यामुळे तिथला पोलीस सर्टिफिकेट म्हणतात तो (गुन्ह्यांच्या नोंदीचा) दाखलाही लागेल. वहिनींना तिथून निघायच्या आधीच काढायला सांगा.