मदत हवी आहे: हेला पेशींमध्ये पी५३ चा बँड येतच नाहीये

नमस्कार मंडळी, मी बडोद्यात बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करतेय, एचपीव्ही आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर. हेला (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या) पेशींत एचपीव्ही-१८ या विषाणूचं ई६ प्रोटीन पेशीतल्या ई६एपी या एन्झाइमला हाताशी धरून पी५३ या ट्यूमर रोखणाऱ्या प्रोटीनला युबिक्विटिन (नष्ट करण्याची खूण) लावतं आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन तोडणारं यंत्र, ते फस्त करतं, त्यामुळे एरवी वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन ओळखायची चाचणी) बँड फिका येणार हे माहितीये, पण एमजी१३२ हे औषध देऊन प्रोटिअसोम बंद केल्यावर तरी दिसायला हवा ना, तोच दिसत नाहीये!

१० मायक्रोमोलर, ४ तास देऊन पाहिलं, मग ६ तास, प्रोटीन ३० चं ५० मायक्रोग्रॅम केलं, एक्स्पोजरही वाढवलं. पी५३ ओळखणारी अँटिबॉडी डीओ-१ आहे, ती ठीकच असावी कारण त्याच ब्लॉटवर एमसीएफ-७ (स्तनाच्या कॅन्सरच्या) पेशींमध्ये ५३ किलोडाल्टनच्या आसपास स्वच्छ बँड येतो (त्याला औषध दिलेलं नव्हतं), अ‍ॅक्टिनही (प्रोटीन सारखं भरलंय का ते दाखवणारा कंट्रोल) सगळीकडे सारखं. लायसिस (पेशी फोडणं) रिपा बफरमध्ये, बर्फावर, प्रोटिएज इन्हिबिटर टाकूनच.

माझा संशय एमजी१३२ च्या स्टॉकवर आहे. डीएमएसओ या द्रावकातला तो जुना स्टॉक बऱ्याचदा वितळवून परत गोठवलाय आणि हे अल्डिहाइड ऑक्सिडाइझ होऊन निकामी होतं असं वाचलंय. नवीन मागवलं तर यायला तीन-चार आठवडे, आणि गाईडना त्याआधी डेटा दाखवायचाय, खूप काळजी लागलीये. शेजारच्या लॅबमध्ये युबिक्विटिनची अँटिबॉडी मिळेल, बोर्टेझोमिब (प्रोटिअसोम रोखणारं दुसरं औषध) मात्र नाही.

तर याच लायसेटवर (फोडलेल्या पेशींच्या अर्कावर) युबिक्विटिनचा ब्लॉट करून स्मिअर (युबिक्विटिन लागलेल्या प्रोटीनचा लांब पट्टा) वाढला नाही तर स्टॉकच मेलाय असं खात्रीने म्हणता येईल का, की औषध दिलेल्या एमसीएफ-७ चा कंट्रोलही लागेलच?