दुर्बीण पक्ष्यांसाठी, पण बनवणारा बंदूकवाल्यांचा?

पाषाणची पाणकोंबडी
रविवारी कवडीपाटला (पुण्याजवळचं, मुळा-मुठेकाठचं पक्षी बघायचं ठिकाण) एका काकांनी त्यांची ऑस्ट्रियन दुर्बीण पाच मिनिटं हातात दिली. समोरचा चक्रवाक, तेच नारिंगी बदक, शेकडोदा पाहिलेला, नव्याने भेटला! दोन वर्षं पैसे साठवतेय, तीच घ्यायची ठरवलं. मग घरी येऊन कंपनीची माहिती वाचली. स्वारोव्स्की ऑप्टिक, टिरोलमधल्या आब्सामची, 1949 पासूनची. दुर्बिणींच्या शेजारी रायफलवर बसवायच्या दुर्बिणी, हरणं आणि रानडुकरांच्या शिकारीसाठी. झाइस, लायका यांचंही तेच. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, आणि आपण लाखभराच्या वर पैसे त्यांच्या गल्ल्यात टाकायचे? मला नाही पटत.

कोथरूडचा कोतवाल
मग पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनाही वगळा. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती ओळखायला ते बीएनएचएसमध्ये (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) गेले, तिथून सगळं सुरू झालं.

पाषाणची पाणकोंबडी
तेव्हा, 1908 मध्ये, तो पोरगा होता हो. पुढे नमुन्यांसाठी पक्षी मारले तेही अभ्यासाला. भिंतीवर शिंगं टांगायला नव्हे.

निवृत्त भिंगवाला
थोडं तांत्रिक. युरोपातला शिकारी संधिप्रकाशात मचाणावर बसतो, म्हणून त्याला 8×56 लागते, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 56 मिलिमीटरचं. 56 भागिले 8, म्हणजे 7 मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात. आपल्या 8×42 मध्ये सव्वापाच. पहाटेच्या धुक्यात तुम्हाला जो चक्रवाक दिसला, त्यामागे अंधारात डुक्कर शोधणाऱ्या गिऱ्हाइकाचा हट्ट आहे. (साठीनंतर डोळ्याची बाहुली तेवढी उघडतच नाही. माझ्या वयाच्यांनी 56 वर पैसे घालू नयेत.)

कोथरूडचा कोतवाल
शिवाय अमेरिकेत 1937 च्या कायद्याने रायफल आणि काडतुसांवर 11 टक्के कर आहे, तो वन्यजीवांसाठी राज्यांना मिळतो. दुर्बिणीवर तसा कर नाही. म्हणजे तिथे शिकारी भरतो आणि पक्षीवाला फुकट बघतो.

पाषाणची पाणकोंबडी
अमेरिकेचा कर अमेरिकेत. माझ्या पैशाचा त्याच्याशी काय संबंध?

मुठाकाठचा
भांडा खुशाल, पण कवडीपाटला पाण्यावर जो फेस असतो तो कुठल्या रायफलवाल्याने केला? आपल्याच घरांतलं सांडपाणी ते. त्या फेसात चक्रवाक टिकला तर दुर्बिणीचं बघू.

पाषाणची पाणकोंबडी
मुठाकाठचे, हे खरंय, पण एका चुकीने दुसरी धुऊन निघत नाही. निकॉनने काही वर्षांपूर्वी रायफलच्या दुर्बिणी बंद केल्या. मग त्यांचीच का नको? नाहीतर सेकंडहँड घेईन, कंपनीला छदाम नाही.

निवृत्त भिंगवाला
आणि विकणारा त्या पैशांत काय घेणार? त्याच कंपनीचं नवं मॉडेल!

पाषाणची पाणकोंबडी
काका, ही चालाखी झाली. रविवारी साडेसहाला कवडीपाटला आहे मी. निकॉन कुणाकडे असेल तर घेऊन या, चक्रवाकावरच ताडून बघू.