लिस्बनला दोन वर्षं राहायचंय: बॅगेत काय भरू, तिथे काय मिळतं? (सल्ला हवा)

फोंड्याची
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं सप्टेंबरअखेर लिस्बनला जातोय. माणशी ३० किलोची बॅग. भाड्याचं घर अजून ठरायचंय. सोमवारी शिवराक (शाकाहारी), बाकी दिवस मासळी. हुमण (खोबऱ्याच्या वाटपाची मासळीची आमटी), सोलकढी आणि उकड्या तांदळाची पेज यांच्याशिवाय चालत नाही. बॅगेत काय भरू? कुकर-मिक्सर नेऊ का? पहिल्या आठवड्यात कुठली कामं उरकायची? नेमकं सांगा.

कुळागर
आधी काय नेऊ नये ते बघा, कारण तिथेच वजन फुकट जातं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, दूध पावडर, चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) सगळं विमानतळावरच काढून घेतात. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत. सुकं खोबरं तर इथूनच जात नाही: तेलकट असल्यामुळे पेट घेतं, म्हणून २०२२ पासून चेक-इन बॅगेत बंद आहे. सुकी मासळी मात्र चालते, माणशी २० किलोपर्यंत. गालमो (बारीक सुकी कोळंबी) नेणार असाल तर दोन पिशव्यांत बांधून वर घट्ट झाकणाचा डबा, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास लागेल.

नेण्यासारखं मोजकंच आहे. सोलां (आमसुलं) अर्धा किलो, तिरफळं १०० ग्रॅम (बिया काढून), खोल्याची मिरची अर्धा किलो, तांबडे उकडे ४-५ किलो. वाटलेला ओला मसाला नेऊ नका, गळतो आणि आंबतो. डाळी, हळद, जिरं, पोहे, आटा यांवर एक ग्रॅमही खर्च करू नका. मेट्रोच्या हिरव्या लाइनवर मार्तिम मोनीझ स्टेशनला उतरा. तिथे आणि शेजारच्या रुआ दो बेनफोर्मोझो या गल्लीत भारतीय, बांगलादेशी, चिनी दुकानं ओळीने आहेत. कोथिंबिरीसाठी तेवढंही जायला नको. पोर्तुगीज लोक स्वतःच ती भरपूर खातात, कुठल्याही बाजारात जुडी मिळते. नाव ‘कोएन्त्रोस’.

तिरफळं संपली तर चिनी दुकानातली सिचुआन मिरी घ्या. ती त्याच कुळातली आहे, पण जीभ जास्त बधिर करते, म्हणून निम्मीच घाला आणि उकळी आल्यावर शेवटी.

सोलकढी
खोबऱ्यावर सविस्तर लिहिते, हुमण तिथेच बिघडतं. सुपरमार्केटमधला नारळ सोललेला आणि बरेच दिवसांचा असतो. हलवून पाणी वाजतंय का बघा, तिन्ही डोळे कोरडे हवेत. एखाद्या डोळ्यावर बुरशी किंवा ओल असेल तर आत खवट निघणार. त्यापेक्षा भारतीय दुकानातलं गोठवलेलं खवलेलं खोबरं बरं. पण ते फ्रीजरमधून काढून तसंच मिक्सरला लावलं की स्निग्धांश गोठलेला असतो, वाटपात पांढरे कण राहतात आणि रस फुटल्यासारखा दिसतो. आधी पूर्ण सुटू द्या, मग कोमट पाण्याने वाटा. डब्यातल्या नारळाच्या दुधाची सोलकढी करायची तर समप्रमाणात कोमट पाणी घाला, सोलांचं आगळ (दाट रस) वेगळं काढून शेवटी मिसळा आणि गॅसवर ठेवूच नका. आंबट घालून तापवलं की दूध फाटतं.

भातासाठी पाकिटावर ‘व्हापोरिझादो’ लिहिलेला तांदूळ घ्या, तो उकडाच असतो, फक्त पांढरा. पेजेला चालतो. ‘कारोलिनो’ चिकट होतो, मऊ भाताला उत्तम. आपले तांबडे उकडे सणासुदीला राखून ठेवा.

फोंड्याची
सोलकढीताई, मनापासून आभार. मासळीचं काय? बांगडा मिळतो का?

तळपण
आपला बांगडा नाही, पण त्याचे भाऊबंद आहेत: ‘काव्हाला’ आणि ‘सार्दा’. दोन्ही जास्त चरबीचे. रस आधी दाट उकळून घ्या, मग तुकडे सोडून ४-५ मिनिटांत उतरवा. जास्त शिजले तर तेल सुटून वर तरंगतं. सार्दिन्या, म्हणजे तारल्या, उन्हाळ्यात भरात असतात. सोमवारी मासळी घेऊ नका, रविवारी होड्या जात नाहीत. तुमचा शिवराक वार बरोबर जुळतो! कोळ्याला ‘आमान्यार’ म्हटलं की साफ करून देतो.

सुंगटं (कोळंबी) गोठवलेली असतात. पाकिटावर ‘क्रू’, म्हणजे कच्ची, लिहिलेलीच घ्या. ‘कोझीदो’ म्हणजे आधीच उकडलेली, ती हुमणात रबरासारखी होतात. ४०/६० हा आकडा म्हणजे किलोला किती नग ते.

मांडवीकाठ
कुकरबद्दल. चूल कोणती आहे ते कळल्याशिवाय काही विकत घेऊ नका. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच भांडं चालेल. स्टीलचा, इंडक्शन बुडाचा ३ लिटरचा कुकर इथूनच न्या, शिट्टीचा कुकर तिथे शोधावा लागतो. जास्तीचं गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह विसरू नका.

मिक्सर चालतो, वीज तिथेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मात्र आपली तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही. अर्थिंगवाला चांगला ॲडॉप्टर घ्या, स्वस्तातला तापून वितळतो.

घर बघताना मालकाला ‘पोतेन्सिया’ विचारा, म्हणजे मंजूर वीजभार. ३.४५ केव्हीए असेल तर इंडक्शन, हीटर आणि वॉशिंग मशीन एकदम लावल्यावर मेन स्विच पडणारच. वीज कंपनीला सांगून तो वाढवता येतो. दुसरी गोष्ट ओलीची. पाऊस तिथे हिवाळ्यात असतो, बहुतेक जुन्या घरांना हीटिंग नाही. कपाटाच्या मागची भिंत आणि खिडकीचे कोपरे हाताने चाचपा. नुकताच मारलेला रंग फक्त त्या कोपऱ्यातच असेल तर खाली बुरशी आहे असं समजा.

कुळागर
कागदपत्रं: सगळ्यात आधी निफ, हा कर क्रमांक. बँक, भाडेकरार, वीज, सगळीकडे तोच विचारतात. भाडेकरार मालकाने कर खात्यात, म्हणजे फिनान्सासमध्ये, नोंदवायला हवा. नोंदवणार नाही म्हणाला तर ते घर सोडा. पदवी आणि लग्नाच्या दाखल्यांवर इथूनच अपॉस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करून घ्या. तिथे गेल्यावर ते करायचं म्हणजे कागद परत गोव्याला पाठवायचे आणि महिना वाया घालवायचा.

सोलकढी
हॉटेलात बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज समोर आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, मग बिलात येत नाही. आणि सोमवारी ‘काल्दो व्हेर्द’ हे पालेभाजीचं सूप मागवलंत तर ‘सेम शोरीसो’ (म्हणजे चोरीस नको) सांगा, वर चोरीसाची चकती घालून देतात.