भाचीनं नाव सांगावं का?

बी-३०४: मंडळी जरा वेगळा विषय, पाण्याचं नंतर बोलू. माझी भाची अमेरिकेत शिकते, तिच्या कॉलेजात पेपरला सुपरवायझरच नसतो म्हणे, सर पेपर वाटून चक्क बाहेर जातात आणि मुलं शेवटी लिहून देतात की कॉपी केली नाही. परवा हिच्या मैत्रिणीनं मांडीवर मोबाईल ठेवून उत्तरं उतरवली, हिनं बघितलं. आणि नियम असा की दिसलं तर कळवायचंच. दोन रात्री झोपली नाहीये पोरगी

ए-१०१: सांगायचं. त्यात विचारायचं काय? आपल्याकडे ८२ सालापासून कायदा आहे, भरारी पथकं फिरतात, तरी खिडकीतून चिठ्ठ्या येतातच. तिकडे विश्वास टाकलाय तर निभवा की

डी-२०२: सर, तुम्ही सुपरव्हिजन करून घरी जायचात, तिला त्याच मुलींबरोबर मेसमध्ये जेवायचंय 😅

सी-५०२: प्रिन्स्टन विद्यापीठात १८९३ ला सुरू झालं हे, मुलांनीच मागून घेतलेलं. वेस्ट पॉइंट या तिथल्या लष्करी अकादमीच्या कॅडेटना तर नुसतं स्वतः फसवायचं नाही एवढंच नाही, फसवणाऱ्याला खपवूनही घ्यायचं नाही. तरी २०२० ला ऑनलाइन गणिताच्या पेपरात सत्तरच्या वर कॅडेट अडकले आणि ते लक्षात आलं कुणाच्या, तर पेपर तपासणाऱ्यांच्या! सगळ्यांच्या चुका सारख्याच

ए-१०१: 🙏

सेक्रेटरी: टँकर ४ ला येतोय. बी विंगने गाड्या काढा

बी-३०४: हो काढते. पण सी-५०२ म्हणतात तेच मला खटकतं, वर्गात माणूस बसवायचा नाही आणि राखणीचं काम १९ वर्षांच्या पोरांच्या गळ्यात. शिवाय तिच्याकडे मार्क एकमेकींच्या तुलनेत देतात, म्हणजे मैत्रीण कॉपी करून वर गेली की ही खाली येणार, गप्प बसूनही नुकसान हिचंच

डी-२०२: शिक्षा काय पण?

सी-५०२: कॉलेजप्रमाणे वेगळी. व्हर्जिनिया विद्यापीठात तर कितीतरी वर्षं दोषी ठरलं की थेट हकालपट्टी, दुसरी शिक्षाच नाही. २०२२ ला मुलांनीच मतदान करून ते बदललं. एवढ्याशासाठी पोरीचं करिअर जाणार म्हटल्यावर कोण तोंड उघडेल हो

ए-१०१: एवढ्याशासाठी?? कॉपी म्हणजे एवढंसं?

डी-२०२: सर आपल्या विंगमध्ये ओला-सुका एकत्र कोण टाकतं सगळ्यांना माहितीये. घेतलंय नाव कुणी ग्रुपवर?

(दहा मिनिटं कुणीच टाइप करत नाही.)

बी-३०४: भाचीचा आत्ताच फोन झाला. मी तिला म्हटलं आधी मैत्रिणीशीच बोल, पाठीमागून नको. तर तिनं कालच मेसेज केलाय की शुक्रवारपर्यंत तू स्वतः सरांना सांग, नाहीतर मी सांगते. सर, तुम्हाला नाही पटणार, पण मला तरी बरं वाटलं

ए-१०१: पटलं. मैत्रीण काय म्हणाली?

बी-३०४: ब्लू टिक आल्यात. बाकी काही नाही

सेक्रेटरी: बी-३०४ मॅडम गाडी 🙏