पगारावरचा फेडरल टॅक्स म्हणे ऐच्छिक!

मेघना, न्यू जर्सी
आमच्याकडचा एक जण एच-१बी या वर्क व्हिसावर नव्याने आलेल्या आपल्या पोरांना सांगत सुटलाय: डब्ल्यू-४ वर (पगारातून किती कर कापायचा हे मालकाला सांगणारा फॉर्म) 'एक्झेम्प्ट', म्हणजे कपातीतून सूट, असं लिहा, टॅक्स ऐच्छिक आहे, तुम्ही तर नागरिकही नाही. काल एकीचा पे स्टब पाहिला, फेडरल विथहोल्डिंगसमोर, म्हणजे पगारातून कापलेल्या केंद्रीय करासमोर, चक्क शून्य. पोटात गोळाच आला. मागच्या वर्षी कर लागला नाही आणि यंदाही लागणार नाही, त्यानेच तो शब्द लिहायचा असतो.

निनाद
त्याला वेड्यात काढू नका. करव्यवस्था स्वेच्छेने केलेल्या आकारणीवर आणि भरण्यावर उभी आहे, हे सुप्रीम कोर्टानेच १९६० च्या फ्लोरा खटल्यात म्हटलंय. १८९५ मध्ये त्याच कोर्टाने इन्कम टॅक्सचा कायदा रद्द केला होता. १९९१ मध्ये कर चुकवल्याबद्दल चीक नावाच्या वैमानिकाला झालेली शिक्षाही रद्द केली, कारण प्रामाणिक गैरसमज म्हणजे मुद्दाम केलेला गुन्हा नव्हे.

अनुराधा
निनाद, तो खटला लावणारा करदाता फ्लोरा हरला! आधी पूर्ण कर भरा, मग परताव्यासाठी दावा लावा, असा तो निकाल आहे. 'स्वेच्छेने' म्हणजे हिशोब आपण करायचा, सरकारने आधीच जप्ती आणायची नाही, एवढंच. १८९५ चा वाद भाडं, लाभांश अशा मालमत्तेच्या उत्पन्नाचा होता, पगाराचा नव्हे. तोही अडसर १९१३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने दूर केला. चीकवर पुन्हा खटला चालला आणि तो दोषी ठरला. प्रामाणिक गैरसमजाने फार तर तुरुंग टळेल. कर, व्याज काही सुटत नाही.
आणि नागरिकत्वाचं म्हणाल तर इथे देशात राहिलेले दिवस मोजतात: यंदाचे सगळे, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली आणि यंदाचे निदान ३१ असले की एच-१बीवाला करापुरता रहिवासीच. त्याआधीही इथे काम करून मिळवलेला पगार करपात्र असतोच.

निनाद
फ्लोराचं मान्य, तो निकाल मी पुरता वाचला नव्हता. पण रिटर्नमध्ये 'कर ऐच्छिक आहे' असा युक्तिवाद केला म्हणून ५,००० डॉलर दंड लावतात, त्याचं काय? प्रश्न विचारण्यावर दंड मला पटत नाही.

अनुराधा
प्रश्न जरूर विचारा. पण कोर्टांनी वारंवार फेटाळलेलं तेच पुन्हा रिटर्नवर लिहून पाठवणं म्हणजे प्रश्न विचारणं नव्हे.

मेघना
त्या मुलीने आज नवा डब्ल्यू-४ दिला. न कापलेल्या महिन्यांचा कर ती आता एस्टिमेटेड टॅक्स (अंदाजाने स्वतःच भरायचा कर) म्हणून भरतेय. अजून दोघांना गाठायचंय.