चारही पेपर पास, ग्रुप मात्र नापास! सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) इंटर ग्रुप 2, डिसेंबरसाठी काय करू?

कॉस्टशीटवाली
नमस्कार मंडळी, रिझल्ट लागला आणि डोकं अजून भणभणतंय. जूनला इंटरचा ग्रुप 2 दिला होता. ऑपरेशन्स-स्ट्रॅटेजी 47, कॉर्पोरेट अकाउंटिंग-ऑडिटिंग 42, एफएम (फायनान्शियल मॅनेजमेंट)-डेटा ॲनालिटिक्स 44, मॅनेजमेंट अकाउंटिंग 55. सगळीकडे 40 च्या वर आहे पण टोटल 188, आणि ग्रुप निघायला 400 पैकी 200 लागतात. 12 मार्कांनी गेला. आईला समजावता समजावता नाकी नऊ आले, ती म्हणते अगं सगळ्या विषयांत पास आहेस मग नापास कशी, आता 50 टक्के ॲग्रिगेट हा प्रकार तिला कसा सांगू.

खरं दुःख वेगळंच आहे. मी सातपूरला एका प्रेस पार्ट्सच्या कंपनीत कॉस्टिंगलाच आहे, तीन वर्षं झाली, महिन्याचा व्हेरियन्स रिपोर्ट (ठरलेला खर्च आणि झालेला खर्च यांतला फरक) मीच काढते आणि नेमके मॅनेजमेंट अकाउंटिंगलाच 55! तिथे 60 पडले असते तरी निदान त्या पेपरची सूट मिळाली असती. व्हेरियन्सचा 14 मार्कांचा प्रश्न येत होता, पूर्ण येत होता, पण शेवटी घेतला आणि अर्ध्यात बेल झाली.

आता तीन प्रश्न. क्लास लावू का (पहिल्यांदा नुसतं इन्स्टिट्यूटचं मटेरियल वाचून दिली होती)? दोन महिने बिनपगारी सुट्टी मागू का? आणि यूएस सीएमएवाले (अमेरिकेतली वेगळी परीक्षा) रोज फोन करतायत की मॅडम दोनच पेपर आहेत, तिकडे वळू का? प्लीज कोणीतरी सरळ सांगा, धीर देऊ नका, धीर घरचे देतायत.

जुना_आयसीडब्ल्यूए
अगं धीर नाही देत, शिव्याच देतो. (आमच्या वेळी आयसीडब्ल्यूएच म्हणायचे, इन्स्टिट्यूटचं नाव 2012 ला बदललं, माझे सासरे अजून लग्नकार्यात तसंच सांगतात.)

तुझा प्रॉब्लेम अभ्यासाचा नाहीये, एक्सेलचा आहे. रोज फाइल उघडतेस, फॉर्म्युले आधीच भरलेले, स्टॅंडर्ड बीओएममधून (एका नगाला काय किती लागतं त्या यादीतून) येतं, ॲक्च्युअल स्टोअर्समधून येतं, तू खाली ओढतेस आणि मेल टाकतेस. परीक्षेत कोरा कागद असतो, आणि त्यावर कुठला आकडा कुठल्या आकड्यातून वजा करायचा हे हाताला माहीत लागतं. नोकरी करणारे नेमके याच पेपरला गाफील राहतात, मी स्वतः राहिलो होतो.

आता एक गणित देतो, एक्सेल बंद कर, पेन घे. एका नगाला स्टॅंडर्ड मटेरियल 2 किलो, दर 50 रुपये. महिन्याचं बजेट 1,200 नगांचं. प्रत्यक्षात झाले 1,000 नग. मटेरियल लागलं 2,100 किलो, दर पडला 48. प्राइस (दरातला), युसेज (वापरातला) आणि टोटल कॉस्ट व्हेरियन्स काढ, फेवरेबल (बचत) की ॲडव्हर्स (जादा खर्च) तेही लिही आणि इथे टाक. पाच मिनिटं देतो.

पहाटे_पाच
ताई मी पण याच ग्रुपला दोनदा असाच आपटलोय, तिसऱ्यांदा निघाला. दोन लेकरं, रोज चाकणला जाऊन येऊन नोकरी, त्यामुळे दिवसाचा काय तो अभ्यास पहाटे पाच ते सात आणि कंपनीच्या बसमध्ये एमसीक्यू. बिनपगारी सुट्टी आत्ता अजिबात घेऊ नका, आत्ता घेतली तर गणपतीत आठ दिवस असेच जातील, मग दिवाळी, आणि नोव्हेंबरला परत ऑफिस. ती सुट्टी परीक्षेच्या आधीच्या तीन आठवड्यांसाठी ठेवा आणि आजच सायबांच्या कानावर घालून ठेवा.

मार्कांचं बघा. तुम्हाला 12 हवेत, पण 12 वर नेम धरला तर परत 195 वर अडकाल, म्हणून निदान 40 चा नेम धरा. ते कुठून येतील? चारही पेपरांतून दहा-दहा असं होत नाही हो, दोन पेपरांतून ओढायचे. मॅनेजमेंट अकाउंटिंग 55 वरून 70, हे तुमच्या कामाचंच आहे. आणि दुसरा माझ्या मते ऑडिटिंगवाला पेपर. तिथे अर्धा पेपर ऑडिटिंग असतो आणि आपण सगळे गणितवाले तो शेवटच्या रात्री वाचतो. मी पहिल्या दोन वेळेला शेअर इश्यू आणि कॅश फ्लो घोटून घोटून गेलो आणि ऑडिटच्या उत्तरांत नुसते निबंध लिहून आलो, 41 आणि 43. तिसऱ्या वेळेला ऑडिटची उत्तरं रोज एक अशी हाताने लिहून काढली, मुद्दे पाडून, शब्द मटेरियलमधलेच ठेवून. 58 पडले.

एमसीक्यूचे 30 मार्क प्रत्येक पेपरला आहेत, 15 प्रश्न दोन-दोन मार्कांचे, हे फुकट घालवू नका. तुम्ही ते आधी घेता की शेवटी?

कॉस्टशीटवाली
@पहाटे_पाच शेवटी घेते आणि दोन-तीन तर नुसत्या टिका मारून येते 🙈 ऑडिटचं बरोब्बर पकडलंत, मी पण निबंधच लिहिलेत.

दुबईकर_पण_सांगलीचा
यूएस सीएमएचं मी सांगतो, कारण ती मी इकडे आल्यावर केली. तीसुद्धा चांगली आहे, इकडे आखातात चालते, पण फोनवाले जे सांगतात ते अर्धं असतं. दोन पार्ट खरेच, पण एकेक पार्ट चार तासांचा, 100 एमसीक्यू, 500 पैकी 360 लागतात, आणि फी सगळी डॉलरमध्ये. पास झालं तरी दोन वर्षांचा अनुभव दाखवल्याशिवाय सर्टिफिकेट नाही, अर्थात तो तुझ्याकडे आहेच.

पण तू नाशिकमध्ये कारखान्यात आहेस. उद्या स्वतःची प्रॅक्टिस करायची झाली, कंपनी कायद्याच्या कलम 148 खाली कॉस्ट ऑडिटवर सही करायची झाली, तर ती आपल्या इन्स्टिट्यूटचाच मेंबर करू शकतो, अमेरिकन सीएमए नाही. नाव सारखं आहे म्हणून लोक फसतात. एक ग्रुप झालाय, दुसरा 12 मार्कांवर आहे, आणि आता पाटी कोरी करून दुसरी शाळा? मी तरी नसतं केलं. फायनल झाल्यावर बाहेर जायची खाज सुटली तर तेव्हा बघ.

क्लासबद्दल, सगळे विषय लावू नकोस. एफएमला 44 आहेत ना, लावायचाच तर तेवढा एक लाव. त्यातले डेटा ॲनालिटिक्सचे वीसेक मार्क मात्र घरी वाचून होतात, थिअरी आहे.

कॉस्टशीटवाली
@जुना_आयसीडब्ल्यूए घ्या सर, चार मिनिटांत झालं, भात लावला होता शिट्टी व्हायच्या आत 😄
प्राइस: (50 − 48) × 2,100 = 4,200 फेवरेबल
युसेज: (2,400 − 2,100) × 50 = 15,000 फेवरेबल
टोटल: 1,20,000 − 1,00,800 = 19,200 फेवरेबल
4,200 अधिक 15,000 बरोबर 19,200, टॅली झालं. स्टोअर्सवाल्यांना पेढे द्यायला पाहिजेत.

जुना_आयसीडब्ल्यूए
पेढे राहू देत. 2,400 कुठून आणलेस?

कॉस्टशीटवाली
1,200 × 2... अरे देवा.

जुना_आयसीडब्ल्यूए
हां. नग झाले 1,000. तर 1,000 नगांना स्टॅंडर्डने लागायला हवे होते 2,000 किलो, लागले 2,100, म्हणजे युसेज 5,000 ॲडव्हर्स. टोटल 1,00,000 वजा 1,00,800, म्हणजे 800 ॲडव्हर्स. आणि 4,200 फेवरेबल, 5,000 ॲडव्हर्स, हेही टॅली होतं! चुकलेलं पण टॅली झालं आणि बरोबर आलेलं पण टॅली झालं, कारण तू दोन्ही ठिकाणी तोच चुकीचा 2,400 नेलास. परीक्षेत आपण टॅली बघून खूश होऊन पुढच्या प्रश्नाला जातो. तुझ्या ऑफिसच्या शीटमध्ये प्रॉडक्शन एंट्रीतून ॲक्च्युअल नग आपोआप येतात म्हणून हा प्रश्न तुला तीन वर्षांत कधी पडलाच नसेल.

आता पुढचं. प्राइस फेवरेबल आणि युसेज ॲडव्हर्स एकाच महिन्यात का आलं असेल, दोन ओळी लिही. प्रश्नाच्या शेवटी "कॉमेंट करा" असं असतं ना, तिथे सगळे नुसतं फेवरेबल-ॲडव्हर्स परत लिहितात आणि मार्क सोडतात.

कॉस्टशीटवाली
हे तर मला माहितीय सर, आमच्याकडे गेल्याच महिन्यात झालं! पर्चेसने दोन रुपये स्वस्त पत्रा आणला, त्याची जाडी कमी-जास्त निघाली, प्रेसवर रिजेक्शन वाढलं. पर्चेसवाल्यांनी मीटिंगमध्ये बचत दाखवली आणि शिव्या खाल्ल्या प्रॉडक्शनने.

जुना_आयसीडब्ल्यूए
झालं, हेच सोज्वळ भाषेत पेपरात लिहायचं. रिपोर्टमध्ये लिहिलं होतंस का?

कॉस्टशीटवाली
नाही, रिपोर्टमध्ये रिमार्कचा कॉलमच नाहीये 😐

पहाटे_पाच
सर मला पण एक लेबरचं द्या ना, आयडल टाइमवालं (कामगार नुसते बसून राहतात तो वेळ). फायनलला परत बसलंय ते मानगुटीवर.

जुना_आयसीडब्ल्यूए
उद्या सकाळी टाकतो. दोघांनी कागदावर सोडवून फोटो टाकायचा, टाइप केलेलं चालणार नाही. आणि कॉस्टशीटवाली, एमसीक्यू पहिल्या तासात. शेवटी नाही.