शब्दचर्चा : 'टँगल्ड'ला मराठीत काय म्हणाल? (अट : नायिका ओळखू येता कामा नये)

मुळाक्षर
मंडळी, मुलांच्या ॲनिमेशनपटांवर एक लेख लिहितोय आणि दोन शब्दांपाशी अडलोय.

आधी पार्श्वभूमी. डिसेंबर २००९ मध्ये डिस्नेचा 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' आला. खर्च साधारण साडेदहा कोटी डॉलर आणि अमेरिकेतली कमाईही जवळपास तेवढीच, म्हणजे निराशाच. लगेच पुढच्या आठवड्यात 'अवतार' लागला होता हा भाग वेगळा. पण स्टुडिओत खापर फुटलं ते 'प्रिन्सेस' या शब्दावर. नावात राजकन्या दिसली की मुलगे येत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. मग २०१० च्या सुरुवातीला तयार होत असलेल्या 'रॅपन्झेल'चं (लांबसडक केसांच्या राजकन्येची गोष्ट) नाव बदलून 'टँगल्ड' केलं. पिक्सार आणि डिस्ने ॲनिमेशनचे तेव्हाचे अध्यक्ष एड कॅटमल यांनी लॉस एंजेलिस टाइम्सला सांगितलं की ही फक्त मुलींची परीकथा आहे असा लोकांचा समज होऊ नये, आमचे सिनेमे सगळ्यांसाठी असतात. डिस्नेचे जुने ॲनिमेटर फ्लॉइड नॉर्मन यांनी याला सरळसरळ मूर्खपणा म्हटलं. त्यानंतर पिक्सारचा 'द बेअर अँड द बो' हा २०१२ मध्ये 'ब्रेव्ह' म्हणून आला, आणि परीकथाकार अँडरसनच्या 'हिमराणी'वरून सुरू झालेला सिनेमा २०१३ मध्ये 'फ्रोझन' म्हणून.

प्रश्न पहिला : नायक की नायिका ते कळू न देणाऱ्या अशा शीर्षकाला (इंग्रजीत 'जेंडर-न्यूट्रल') मराठीत काय म्हणायचं? दुसरा : ही तीन नावं मराठीत करून दाखवा, पण नायक की नायिका ते कळता कामा नये.

अनुस्वार
पहिल्या प्रश्नाचं बघू. 'नपुंसकलिंगी' बाद, कारण ती व्याकरणातली वेगळीच गोष्ट आहे. 'उभयलिंगी' म्हटलं की मला शाळेतलं जास्वंदीचं फूल आठवतं, पुंकेसर-स्त्रीकेसर एकत्र. वर्तमानपत्रांत 'लिंगनिरपेक्ष' रुळलाय, 'धर्मनिरपेक्ष'च्या चालीवर. 'लिंगनिरपेक्ष पालकत्व' वगैरे ठीक आहे. पण इथे तो चुकतो असं माझं मत. निरपेक्ष म्हणजे ज्याला त्या गोष्टीशी देणंघेणं नाही. इथे तर स्टुडिओनं लिंगाचा इतका बारकाईनं विचार केलाय की त्यापायी नाव बदललं! हे निरपेक्ष कसलं? हे 'लिंगगोपक' शीर्षक.

डावी_वेलांटी
लिंगगोपक!! अहो, हा शब्द छापलात तर लोकांना लंगोट वाटेल.

अनुस्वार
बरं, मागे घेतो. मग 'आडपडद्याचं शीर्षक' म्हणा. पारिभाषिक नाही, पण खरं आहे.

निरगाठ
दुसरा प्रश्न वरवर सोपा दिसतो, पण त्यात पाय टाकला की माणूस अडकतो. इंग्रजीत धातूला प्रत्यय लावून केलेलं विशेषण कुणासाठीही तेच राहतं. दोरी, मुलगा, मुलगी, कारभार, सगळं 'टँगल्ड'. म्हणून त्यांना हा खेळ करता येतो. आपल्याकडे 'गुंतणे'पासून विशेषण केलं की लगेच विचारावं लागतं, कोण? गुंतलेला, गुंतलेली, गुंतलेलं. नाव उच्चारायच्या आधीच पोरगी दारात उभी.

इतरांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. स्पॅनिशमध्येही ही अडचण आहेच. त्यांनी 'एनरेदादोस' केलं, म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन. स्त्री-पुरुष मिळून असले की स्पॅनिश व्याकरण पुल्लिंगी अनेकवचन घेतं, त्यामुळे रॅपन्झेल आणि तो चोर फ्लिन रायडर दोघंही त्यात बसले. ब्राझीलचं 'एनरोलादोस' त्याच वाटेनं. पोलिश 'झाप्लोंतानी'ही तसंच, ज्यांच्यात निदान एक पुरुष आहे त्यांच्यासाठीचं अनेकवचन. टँगल्डच्या दिग्दर्शकांचंही म्हणणं हेच होतं की सिनेमा त्या दोघांचा आहे, एकट्या रॅपन्झेलचा नाही. तुर्कीत लिंगच नाही, ते 'कारमाकारिशिक' म्हणून मोकळे झाले.

आता मराठीत तीच युक्ती करून बघा. एक मुलगा आणि एक मुलगी मिळून आपण काय म्हणतो? 'ती दोघं भांडली.' 'मुलं झोपली.' म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन. तर रॅपन्झेल आणि फ्लिन ही दोघं कशी? गुंतलेली. आणि एकटी रॅपन्झेल कशी? तीही गुंतलेली. रूप एकच! आपलं व्याकरण दोघांना सामावून घेतं आणि पोस्टरवर मात्र पोरगीच दिसते. डिस्नेच्या विक्री विभागाला हे कळलं असतं तर मराठीवर बहिष्कार टाकला असता.

वऱ्हाडी_ठेचा
निरगाठ भाऊ, हे पुण्याचं झालं. आमच्याकडे नागपुरात 'पोरं झोपले' अन् 'दोघं भांडले'च म्हणतात. गुंतलेले! घ्या, मामला खतम.

ओवी
'आई-बाबा आले' तर पुण्यातही म्हणतात की.

निरगाठ
ओवीताई, ते आदरार्थी. फ्लिन रायडरला आदरार्थी कोण लावणार? ठेचा यांचा मुद्दा मात्र एकदम मान्य. सिनेमा नागपुरात प्रदर्शित करावा.

'फ्रोझन'चं तर आणखी अवघड आहे. त्यात नायिका दोघी बहिणी, म्हणजे 'गोठलेल्या'. सगळंच उघड. काळीज घेतलं तर 'गोठलेलं'. निर्माते पीटर डेल वेको म्हणाले होतेच की नावात बर्फही आहे, गोठलेलं नातंही आहे आणि वितळवायचं काळीजही आहे. नातं आणि काळीज दोन्ही मराठीत नपुंसक, हे आपलं नशीब. पण 'गोठलेलं' असं नुसतं पोस्टरवर लावलं तर फ्रीजरमधल्या मटारची जाहिरात वाटेल.

'ब्रेव्ह' मात्र अलगद सुटतो. 'शूर', 'धाडसी', 'धीट' यांपैकी काहीही घ्या. आकारान्त नसलेलं विशेषण आपल्याकडे बदलत नाही, 'शूर मुलगा, शूर मुलगी'. गंमत म्हणजे इतर भाषांनीही याला नेमके न बदलणारे शब्दच शोधलेत. फ्रेंच 'रबेल', इटालियन 'रिबेल्ले', ब्राझीलचं 'व्हालेंते', स्पेनचं 'इंदोमाब्ले', सगळे दोन्ही लिंगांना तेच.

राईनकाठ
जर्मनीतून लिहितेय. इकडे हा सगळा आडपडदा कुणी पाळलाच नाही. 'टँगल्ड' इथे सरळ 'रापुंत्सेल', आणि पुढे शेपूट 'नॉय फेरफ्यॉन्ट'. 'फ्यॉनन' म्हणजे ड्रायरने केस वाळवणं, त्यावरची कोटी. 'फ्रोझन' म्हणजे 'डी आइसक्योनिगिन', शब्दशः हिमराणी. इथेही शेपूट आहे, 'उनफरफ्रोरन'. अर्थ निर्लज्ज, पण शब्दात 'न गोठलेली' दडलेलं. 'ब्रेव्ह'ला तर नायिकेचंच नाव दिलंय, 'मेरिडा'.

फ्रान्समध्ये 'फ्रोझन' हा 'ला रेन दे नेज', म्हणजे अँडरसनच्या १८४४ च्या गोष्टीचं जे नाव स्टुडिओनं टाकून दिलं तेच. जपानमध्ये 'आना आणि हिमराणी'. एका नावात दोन-दोन बायका, त्यातली एक राणी! तिथे त्यानं सुमारे २,५५० कोटी येन कमावले, जपानच्या तोवरच्या सर्वाधिक कमाईच्या सिनेमांत तिसरा. मुलगे पळून गेले नाहीत. इथल्या बालवाडीत मुलगेही 'आइसक्योनिगिन'च म्हणतात, त्यांना तो शब्द बायकी वाटत नाही. तो सिनेमाचं नाव आहे एवढंच त्यांना माहीत.

म्हणून मला ती भीती मुलांची वाटतच नाही. ती अमेरिकेतल्या विक्री विभागातल्या मोठ्या माणसांची आहे.

डावी_वेलांटी
राईनकाठ, अगदी सहमत, आणि त्यात एक भर. मुलग्यांच्या नावाला ही अडचण कधीच आली नाही. 'अल्लादिन', 'हर्क्युलीस', 'टारझन'. 'टँगल्ड'नंतर दोनच वर्षांनी 'रेक-इट राल्फ' आला, राल्फचं नाव छातीवर मिरवत. कुणी विचारलं नाही की मुली येतील का. मुली मुलग्यांचे सिनेमे बघतात, मुलगे मुलींचे बघत नाहीत, असं हॉलिवूडचं जुनं गणित. प्रेक्षकांचे चार कप्पे करतात, स्त्री-पुरुष आणि पंचविशीच्या आतले-बाहेरचे; चारही भरले तर सिनेमा 'फोर क्वाड्रंट'. म्हणजे मुलग्याचं नाव 'सगळ्यांचं' आणि मुलीचं नाव 'मुलींचं'.

यातला सगळ्यात मासलेवाईक नमुना ॲनिमेशनचा नाही, पण माणूस पिक्सारचाच. अँड्र्यू स्टँटननं एडगर राईस बरोजच्या 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स'वर सिनेमा केला. स्वतःच सांगितलंय त्यानं : आधी 'प्रिन्सेस' काढलं, कारण एकही मुलगा आला नसता. राहिलं 'जॉन कार्टर ऑफ मार्स'. मग 'मार्स'ही काढलं, कारण एकही मुलगी आली नसती! उरलं 'जॉन कार्टर'. कोण हा कार्टर, कुणाला काही कळेना. २०१२ मध्ये डिस्नेला सुमारे २० कोटी डॉलरची खोट बसली. दोष सगळा नावाचा नव्हता, पण गाळणीतून इतकं गाळलं की चहाच उरला नाही.

अनुस्वार
एक सावधगिरीची सूचना. दरवेळी कारण हेच असतं असं लेखात लिहू नका. डेल वेको यांनी 'फ्रोझन' हे नाव 'टँगल्ड'ची नक्कल नाही असं सांगितलं होतं. आणि एकशब्दी विशेषणाची ती साथच होती. डिस्ने जॅक आणि घेवड्याच्या वेलाच्या गोष्टीवर सिनेमा करत होतं, त्याचं नाव 'जायगँटिक'. तिथे तर नायक मुलगा! २०१७ मध्ये तो गुंडाळला, पण नाव त्याच साच्यातलं होतं.

उलट 'कोको'. नायक मिगेल हा बारा वर्षांचा मुलगा, आणि नाव पणजीचं. मुलगे आले की. (ब्राझीलमध्ये 'कोको'चं 'व्हिवा' करावं लागलं, कारण पोर्तुगीजमध्ये तो उच्चार शी-शूच्या जवळ जातो.)

आणि नावं सपाट करायची सवय या सगळ्याच्या आधीची आहे. १९८६ मध्ये 'बॅसिल ऑफ बेकर स्ट्रीट'चं 'द ग्रेट माउस डिटेक्टिव्ह' केलं, तेव्हा चिडलेल्या एका ॲनिमेटरनं वरिष्ठांच्या नावानं खोटं परिपत्रक फिरवलं, की आता जुन्या सिनेमांचीही नावं अशीच बदलणार. त्यात हिमगौरीचा सिनेमा झाला 'सात छोटी माणसं एका मुलीला मदत करतात'.

मुळाक्षर
हे परिपत्रक लेखात जाणार म्हणजे जाणार. पण माझा 'टँगल्ड' अजून गुंत्यातच आहे.

ओवी
मग 'गुंता'च घ्या ना! नाम आहे. पुल्लिंगी असलं तरी ते गुंत्याचं लिंग, रॅपन्झेलचं नाही. शिवाय मराठीत गुंता आधी केसांचाच. 'गुंता काढणं' म्हटलं की फणी आणि 'आई गं' दोन्ही आलंच. फणीत निघालेल्या केसांच्या गोळ्याला 'गुंतवळ' असा स्वतंत्र शब्द आहे. बायका ते साठवून ठेवायच्या, गंगावनाला उपयोगी पडायचं, नाहीतर दारावर येणारी बाई त्यावर सुया-पिना द्यायची. इंग्रजीला एवढी सोय नाही. प्रेमासाठी पुन्हा 'जीव गुंतणे' आहेच.

अनुस्वार
'गुंता' छान. पण अट विशेषणाची धरली तर माझ्याकडे एक आहे : जटिल. आज आपण 'जटिल प्रश्न' म्हणतो, पण मूळ अर्थ 'जटा असलेला'. केस आणि गुंतागुंत एकाच शब्दात! आणि मराठीत बदलत नाही. जटिल कोडं, जटिल समस्या, जटिल मामला.

तोच न्याय इतर तत्सम शब्दांना. संस्कृतात बद्धः, बद्धा असं होतं. मराठीत आल्यावर ते थांबलं. तेव्हा 'फ्रोझन'साठी 'हिमबद्ध'. राणी हिमबद्ध, राज्य हिमबद्ध, काळीज हिमबद्ध.

निरगाठ
जटिल! मानलं. पण तो शब्द आधीच दुसऱ्यानं अडवून ठेवलाय. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात पार्वतीची परीक्षा घ्यायला शंकर ब्रह्मचाऱ्याच्या वेषात येतो, तो 'जटिल'च. पोस्टरवर 'जटिल' लिहिलं तर लोक सोनेरी वेणी नाही, भस्म आणि रुद्राक्ष शोधतील.

डावी_वेलांटी
मग उत्तमच की. विक्री विभागाला पुरुषच तर हवा होता.

ओवी
'हिमबद्ध'ला माझा विरोध. आठ वर्षांचं पोर तिकीट खिडकीवर 'हिमबद्ध'ची दोन तिकिटं मागेल? 'गारठा' म्हणा. बोलीतला शब्द आहे, दात वाजलेले ऐकू येतात.

राईनकाठ
गारठा! +१. आणि मुळाक्षर, लेखात 'मोआना' घ्या. त्या पॅसिफिक भाषांत मोआना म्हणजे समुद्र. युरोपात बऱ्याच ठिकाणी ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे ती 'वायाना' झाली, इटलीत सिनेमाचं नाव 'ओशियानिया'. म्हणजे इथे नाव बदललं, पण मुलीला झाकायला नाही. २०१६ मध्ये सरळ मुलीच्या नावानं आला आणि जगभरात साठ कोटी डॉलरच्या वर गेला.

मुळाक्षर
घेतो. ठरलं तर : 'गुंता', 'शूर', 'गारठा', आणि तळटीपेत 'जटिल'. पहिल्या प्रश्नाला 'आडपडद्याचं शीर्षक'. फक्त एक शेवटची शंका. 'मोआना' प्रदर्शित *झाला* की *झाली*?

निरगाठ
झाला. चित्रपट झाला, सिनेमा लागला. मराठीत नायिका कितीही मोठी असो, तिच्या नावाचा सिनेमा पुल्लिंगी. 'मुलान' लागला, 'सिंड्रेला' लागला.

वऱ्हाडी_ठेचा
आमची पोरगी तर 'मोआना पाहिली' म्हणते. तिच्या हिशोबानं ते पिक्चर नाही, मूव्ही आहे.

निरगाठ
मूव्ही स्त्रीलिंगी, फिल्मही स्त्रीलिंगी. तिचं बरोबर आहे. मुळाक्षर, लेखभर एकच काय ते ठेवा म्हणजे झालं.